मोठे टायर टाकले, अलाइनमेंटही केली, तरी गाडी ओढतेच! असं का होतं?

तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आणि पुढं यवतमाळ, वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१. गाडी या रस्त्यावर असते तोवर टायरचा विषय फारसा निघत नाही. विषय निघतो महामार्ग सोडून आत वळल्यावर. अर्धापूरच्या केळीच्या बागेपर्यंत जायचंय, उसाच्या फडात गाडी लावायचीय, नाहीतर सोयाबीनची पोती भरून लातूरच्या बाजार समितीत आणायचीत. आतले रस्ते काळ्या मातीवरचे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. चार वर्षांत सपाट रस्त्याच्या लाटा होतात.

मग गाडीवाला काय करतो? टायर मोठे टाकतो.

पिकअपवाल्याला गाडी खाली घासायला नको असते. टिप्परवाल्याला भार पेलायचा असतो. थार आणि स्कॉर्पिओवाल्यांचं कारण बहुतेक वेळा दिसणं हेच असतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण दोन-तीन महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. स्टेअरिंग सोडलं की गाडी डावीकडे जाते. साठच्या पुढं गेलं की स्टेअरिंग थरथरतं. नवाकोरा टायर एका कडेनं गुळगुळीत झालेला दिसतो. अलाइनमेंट करून आणली जाते, मशीनच्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे येतात, आणि आठवड्यात गाडी पुन्हा तशीच.

इथं दोष मशीनचा नसतो. स्क्रीनवरचा हिरवा रंग म्हणजे कंपनीनं जी गाडी बनवली तिच्या आकड्यांशी जुळणं. तुमची गाडी आता ती राहिलेली नाही, हे मशीनला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी तीन कोन समजून घेऊ

अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते बघणं आणि दुरुस्त करणं. मुख्य कोन तीन.

पहिला टो. माणूस पायाचे पंजे आत वळवून चालतो किंवा बाहेर फेकून चालतो, तसंच चाकांचं. पुढच्या दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत असली तर टो-इन, बाहेर असली तर टो-आऊट. टायर खाण्यात सगळ्यात पुढं हाच.

किती खातो याचा हिशोब सोपा आहे. १०.००-२० मापाच्या ट्रक टायरचा व्यास सुमारे १,०५० मिलीमीटर. समजा टो ३ मिलीमीटरनं चुकलाय. म्हणजे दर मीटरमागं जवळपास ३ मिलीमीटर दोन्ही चाकं मिळून आडवी घासली जातात, किलोमीटरमागं जवळपास ३ मीटर. नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर. एका फेरीत पुढची जोडी ४०० मीटर नुसती आडवी फरफटत गेली. पुढच्या दोन रेडियल टायरला चाळीस हजारांच्या वर पैसे जातात, आणि ते रस्त्यावर असे पुसले जातात.

दुसरा कॅम्बर. समोरून बघितल्यावर चाक सरळ उभं आहे की वरून आत-बाहेर कललंय ते. कललेलं असेल तर टायरची एकच कड झिजते.

तिसरा कास्टर. हा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून याच्याकडे कुणी बघतही नाही. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. त्यामुळे हात सोडले तरी सायकल सरळ चालते. गाडीतही चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंचित मागं कललेली असते. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते या कास्टरमुळे. तो कमी झाला की स्टेअरिंग हलकं लागतं, चालकाला आधी बरं वाटतं, आणि मग वेगात गाडी इकडं-तिकडं हिंडायला लागते.

मोठ्या टायरनं नेमकं काय बदलतं?

इथं एक गैरसमज आहे. नुसता टायर मोठा केल्यानं टो, कॅम्बर, कास्टर यातलं काहीच बदलत नाही. चारही चाकांना सारखे मोठे टायर बसवले, बाकी काही हलवलं नाही, तर गाडी चारही बाजूंनी सारखी उचलली जाते. कोन तेच राहतात.

बदल होतो तो टायरबरोबर केलेल्या बाकीच्या कामांनी. मोठा टायर मडगार्डला घासायला लागतो, म्हणून गाडी उचलतात. कमानीचे पाटे वाढवतात, शॅकल लांब करतात, स्प्रिंगखाली ठोकळे घालतात. टायर रुंद असेल तर तो आत घासू नये म्हणून चाक बाहेर काढतात, स्पेसर लावतात किंवा जास्त बाहेर येणारी रिम घेतात. कोन हलतात ते या कामांत.

ज्या गाडीला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे ती उचलली की दोन्हीकडचे आर्म खाली झुकतात आणि कॅम्बर, टो दोन्ही बिघडतात. ज्या गाडीला पुढं सरळ ॲक्सल आणि कमानी आहेत, म्हणजे बहुतेक ट्रक, तिथं कॅम्बर तसाच राहतो, पण कास्टर आणि स्टेअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन बदलतो. ड्रॅग लिंक जास्त तिरकी झाली की खड्ड्यात चाक वर-खाली होताना ती स्टेअरिंगला ढकलते. चालक सरळ धरून बसलाय आणि गाडी खड्ड्यागणिक स्वतःच वळतेय, ही तक्रार इथली. कितीही वेळा टो नीट केला तरी ती जाणार नाही.

पिकअपवाल्यांचा एक खास प्रकार आहे. भार मागं पडतो म्हणून मोठे टायर फक्त मागं टाकायचे, वर मागच्या कमानीत पाटेही वाढवायचे. बघा काय होतं. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलीमीटर. त्याजागी ३१ इंची टायर टाकला तर व्यास ७८७. गाडी मागून ४२ मिलीमीटर उचलली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर धरलं, तर अख्खी गाडी पाऊण अंशापेक्षा थोडी जास्तच पुढं झुकली, आणि तेवढाच कास्टर कमी झाला. पाटे वाढवले असतील तर आणखी. पिकअपमध्ये ही गोष्ट रिकामी गाडी परत येताना सगळ्यात जास्त जाणवते, कारण मागं वजन नसतं आणि शेपूट वर असते. भरलेली गाडी नीट चालते, रिकामी हिंडते, असं कुणी म्हणालं तर आधी इथं बघावं.

स्पेसरचं दुखणं वेगळं. चाक बाहेर आलं की ते ज्या रेषेभोवती वळतं तिच्यापासून लांब जातं. एका बाजूचं चाक खड्ड्यात आपटलं की झटका लांब दांड्यानं दिल्यासारखा थेट स्टेअरिंगला येतो. हबच्या बेअरिंगवर ताण वाढतो. आणि मोठा टायर मुळातच जड असल्यानं किंगपिन, बॉल जॉइंट, टायरॉडचं टोक यात जो थोडाफार खेळ आधीपासून होता, जो हलक्या टायरला कळत नव्हता, तो उघडा पडतो. स्टेअरिंगचा थरकाप बहुतेक वेळा इथून येतो.

अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी

पहिलं काम हवा. सकाळी, गाडी थंड असताना. एप्रिल-मेमध्ये दुपारी महामार्गावरून उतरल्या उतरल्या हवा मोजली तर आकडा चढाच दिसणार, आणि तो बघून हवा काढली तर रात्री टायर ढिला पडणार. मोठ्या टायरला जुन्याच टायरएवढी हवा भरायची हीसुद्धा चूक. तो टायर किती भाराला किती हवा मागतो हे टायर कंपनीच्या तक्त्यात असतं, विक्रेत्याकडून ते मागून घ्यावं.

दुसरं, खेळ तपासणं. पुढचं चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवी बाजू धरून हलवायचं. वर-खाली धरल्यावर हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन, आडवं धरल्यावर हललं तर टायरॉड. यात खेळ असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे वाऱ्यावर हलणाऱ्या फळीवर रेघ मारणं. मशीनवर आकडा बरोबर येईल, आणि दुकानाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर तो बदलेल. कुठलाही प्रामाणिक मेकॅनिक आधी हे बघतो. जो गाडी येताक्षणी सेन्सर लावायला घेतो त्याच्याकडे पैसे वाया जातात.

तिसरं, कमानी. पाटा तुटलाय का, सेंटर बोल्ट जागेवर आहे का, यू बोल्ट ढिले आहेत का. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूनं सरकतो. मग गाडी तिरपी, खेकड्यासारखी चालते. मागून येणाऱ्याला ते लगेच दिसतं, चालकाला शेवटी कळतं, कारण तो स्टेअरिंग थोडं तिरकं धरून गाडी सरळ चालवत असतो आणि त्याला त्याची सवय झालेली असते.

टायर स्वतःही बरंच सांगतो. हात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवायचा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं टोचत असेल तर टो चुकलाय. आतून बाहेर येताना टोचलं तर टो-इन जास्त, बाहेरून आत जाताना टोचलं तर टो-आऊट. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, म्हणजे हवा कमी. मधेच झिजला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग, तिथं अलाइनमेंटचा संबंध नाही.

मशीनवर काय बघायचं, काय मागायचं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: टो मिलीमीटरमध्ये नाही, अंशात बघावा.

कारण असं. समजा एखाद्या पिकअपचा एकूण टो ०.२ अंश हवाय. हाच टो २१५/७५ आर १५ टायरच्या नक्षीवर मोजला तर सुमारे २.५ मिलीमीटर येतो. ३१ इंची टायरवर मोजला तर २.७५. आणि रिमच्या काठावर मोजला तर साधारण १.४. चाक तेच, कोन तोच, आकडे तीन. ‘दोन एमएम टो-इन ठेव’ असं सांगितलं आणि कुठं मोजायचं ते सांगितलं नाही, तर एक मेकॅनिक टायरवर मोजेल, दुसरा रिमवर, आणि दोघांच्या कामात जवळजवळ दुपटीचा फरक पडेल. दोरी आणि टेप घेऊन काम करणारे जुने मिस्त्री चांगलं काम करतात, पण त्यांनाही टायरचा नवा व्यास सांगावाच लागतो. मशीनवर मिलीमीटरचा आकडा हवाच असेल तर आधी त्यात नवा व्यास भरून घ्यावा. अंशात काम केलं की हा घोळच राहत नाही.

दुसरी गोष्ट, क्रम. आधी मागचा ॲक्सल गाडीच्या मधल्या रेषेला काटकोनात आहे का ते बघायचं. मग कास्टर, मग कॅम्बर, आणि शेवटी स्टेअरिंग सरळ बांधून पुढचा टो. क्रम उलटा केला तर शेवटच्या कामानं पहिलं काम बिघडतं. ट्रकला पुढच्या सरळ ॲक्सलचा कास्टर कमानीखाली पाचर घालून जुळवता येतो. कॅम्बर मात्र ॲक्सल वाकल्याशिवाय सहसा बदलत नाही. तो बदललेला दिसला तर किंगपिन झिजलीय का ते आधी बघायचं. दहा किंवा बारा चाकी गाडीत मागचे दोन ॲक्सल एकमेकांना समांतर नसतील, तर पुढची चाकं कितीही नीट लावा, गाडी एका बाजूला ढकलली जाणारच. त्यामुळे ‘फक्त पुढची करा’ हा सौदा मोठ्या गाडीत महाग पडतो.

तिसरी, टायरचा प्रकार. जुन्या नायलॉन टायरला टो-इन थोडा जास्त लागायचा, रेडियलला कमी लागतो. नायलॉन काढून रेडियल टाकले आणि टो जुनाच ठेवला तर नवे टायर पहिल्या दिवसापासून झिजायला लागतात. एकाच ॲक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल, हे तर कधीच नको.

मागच्या जोडचाकांचाही एक नियम आहे. जोडीतले दोन टायर एकाच उंचीचे हवेत. ट्रकच्या ९.००-२० आणि त्याहून मोठ्या टायरमध्ये व्यासाचा फरक १२ मिलीमीटरच्या आत असावा, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एक टायर नवा आणि एक झिजलेला रिमोल्ड असेल तर मोठा टायर सगळा भार घेतो आणि तापतो, लहान नुसता घसटत राहतो. शिवाय रुंद टायर टाकले की जोडीतली मधली फट कमी होते. भार आल्यावर दोन्ही टायरच्या कुशी एकमेकांना घासल्या, की टायर फुटायला वेळ लागत नाही.

शेवटी कागद मागावा. कामाआधीचे आणि कामानंतरचे आकडे, दोन्ही. नुसतं ‘झालं बघा’ यावर पैसे देऊ नयेत. गाडी ज्या अवस्थेत जास्त चालते त्या अवस्थेत मोजणी झालेली बरी, कारण भरल्यावर ॲक्सल आणि कमानी दोन्ही वाकतात. ते जमणार नसेल तर गाडी रिकामी होती की भरलेली, हे त्याच कागदावर लिहून घ्यावं.

अलाइनमेंटनं जे सुटणार नाही

काही गोष्टी कुठल्याही मशीनवर दुरुस्त होत नाहीत. ७०४ मिलीमीटरचा टायर काढून ७८७ चा टाकला की चाक एका फेऱ्यात १२ टक्के जास्त अंतर कापतं. मीटर ८० दाखवतोय तेव्हा गाडी जवळपास ९० नं पळत असते. ब्रेक तेच, पण टायरची त्रिज्या वाढल्यानं तेवढ्याच ब्रेकला रस्त्यावर सुमारे ११ टक्के कमी जोर मिळतो. म्हणजे वेग जास्त आणि ब्रेक कमी, आणि चालकाला दोन्हीचा पत्ता नाही. भरलेली पिकअप घेऊन उतारावरून येणाऱ्यानं हे दोन आकडे एकत्र वाचावेत. टायर दुकानांत साधारण ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं सांगतात, ते याचमुळे.

टायर मोठा म्हणजे भार जास्त, हेही दरवेळी खरं नसतं. भार टायरच्या कुशीवरच्या आकड्यानं ठरतो. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०४ असेल तर ९००, १०९ असेल तर १,०३०. दिसायला धिप्पाड, खोल नक्षीचा टायर घेतला आणि त्यावरचा आकडा जुन्यापेक्षा कमी निघाला, तर गाडी उंच झाली पण कमजोर झाली. आणि आकडा जास्त निघाला तरी पासिंग वाढत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ॲक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली, चार टायरच्या मागच्या ॲक्सलला १०.२ वरून ११.५ टन. पण ही मर्यादा ॲक्सलची आहे, टायर बदलून ती पुढं सरकत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं प्रमाणित केलेल्या मूळ तपशिलात मालकाला हवा तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी जो मोठा टायर देते, तो घेणं त्यातल्या त्यात सुरक्षित. गाडी उचलणं आणि स्पेसर लावणं मात्र थेट अडचणीचं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. एमएच २४ असो वा एमएच २६, तिथं हा विषय निघतोच. अपघात झाला तर विमा कंपनीही बदललेल्या टायरवर बोट ठेवू शकते.

हे सगळं माहीत असून मोठे टायर टाकलेच असतील, किंवा जुनी गाडी घेताना ते आधीच टाकलेले मिळाले असतील, तर अलाइनमेंट झाल्यावर ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान एकदा गाडी परत दाखवावी. नव्या पाट्या तोवर बसतात आणि यू बोल्ट थोडे ढिले होतात, ते पुन्हा आवळावे लागतात. चाकाचे नट तर पहिल्या १०० किलोमीटरनंतरच तपासावेत. पुढं दर १०,००० किलोमीटरला, किंवा ऊस गाळप हंगाम संपला की एकदा आणि पावसाळा संपला की एकदा. मधेच चाक मोठ्या खड्ड्यात जोरात आपटलं, तर त्या मुदतीची वाट बघायची नाही.